अक्कांच्या दारावरून युरोपला

जबाब देणार: सौ. अनुजा गुरुदास लोके, वय ५९ वर्षे, धंदा सेवानिवृत्त एस.टी. वाहक, रा. मिठबाव, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग.

मी वर नाव लिहिलेली बाई आज दुपारी मालवण येथील पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, हवालदार विश्राम यांनी विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर पती गुरुदास, सेवानिवृत्त गणित शिक्षक, मुलगा केयूर व सून शिवांगी यांच्यासह एकत्र राहते. हवालदारांनी धंद्याच्या जागी प्रथम 'घरकाम' लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे.

माझी थोरली नणंद श्रीमती सीता हरिश्चंद्र परब, वय ७२, रा. मेढा, मालवण, यांना आम्ही सर्वजण अक्का म्हणतो. अक्कांनी काल या ठाण्यात अर्ज दिला की, त्यांचा भाचा केयूर व त्याची बायको यांनी आईबापांस घराबाहेर काढले असून ते दोघे पाठीवर बोचकी घेऊन गावोगाव फिरत आहेत व उपाशी आहेत. सदर अर्ज मला वाचून दाखवला. त्यातील बोचकी व फिरणे खरे आहे. उपाशी हे अर्धे खरे आहे. घराबाहेर काढल्याचे साफ खोटे आहे. आम्ही आमच्या मर्जीने बाहेर पडलो. मर्जी पतींची होती व माझी संमती होती.

हकीगत अशी की, गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातील पर्यटकांना देण्याच्या खोलीत बेल्जियम देशाचे एक जोडपे राहून गेले. दोघेही साठीचे. पाठीवर एकेक पिशवी, एवढाच संसार घेऊन ते सात महिने फिरत होते. जाताना त्यांनी शहाळ्याचा भाव चाळीसवरून तीसवर आणला. या गोष्टीचा माझ्या पतींवर फार परिणाम झाला. पाहुणे गेल्यावर ते बराच वेळ पडवीत बसून होते. मग म्हणाले, "अनू, आपणय जावया."

मी विचारले, "खंय? कुडाळाक?"

ते म्हणाले, "युरोपाक."

मी त्या वेळी भाजी निवडत होते. मी हो म्हटले, कारण खरोखर जावे लागेल असे मला वाटले नाही.

त्यानंतर पतींनी संगणकावर खर्चाचा अंदाज मांडण्यास सुरुवात केली. माझ्या ग्रॅच्युइटीची रक्कम, विमानाचे व व्हिसाचे पैसे वजा जाता, दोघांना मिळून रोज शंभर युरो धरले तर पंचावन्न दिवस पुरत होती. पतींना पंच्याहत्तर दिवस हवे होते. मी पंचावन्न पुरे म्हटले. त्यांनी दिवस कमी केले नाहीत, शंभराचे सत्तर केले. सत्तरात बसवण्यासाठी त्यांनी हॉटेले काढून बारा माणसे एका खोलीत झोपतात अशी ठिकाणे घातली. नंतर रेल्वे काढून बस घातली. संग्रहालये ज्या वारी फुकट असतील त्या वारीच पाहायची असे ठरले. पॅरिसच्या मनोऱ्यावर एकाने चढायचे व दुसऱ्याने खालून फोटो काढायचा, असेही त्यात होते. चढणाऱ्याच्या जागी माझे नाव होते. माझे गुडघे दुखतात हे मी तेव्हाच सांगितले होते.

जेवणासाठी तांदूळ, कोकम व कुळथाचे पीठ घरून न्यायचे ठरले. सुके मासे विमानतळावर काढून घेतात असे केयूरने सांगितल्यावरून सोडे वगळले. त्या दिवशी पती दोन घास कमी जेवले.

हा बेत कोणालाही सांगितला नव्हता. व्हिसा हातात येईपर्यंत सांगायचा नाही व अक्कांना तर मुळीच सांगायचा नाही, असे पतींचे म्हणणे होते. अक्कांना सांगितलेली गोष्ट बाजार उठण्याआधी सगळ्या मालवणला कळते.

पुढे पती म्हणाले की, एवढ्या पैशात आपल्याला राहता येते का हे आधी इथेच करून बघू. आठवडाभर जिल्ह्यात फिरायचे. सत्तर युरोंचे सुमारे सात हजार रुपये होतात, त्याचा दहावा हिस्सा, म्हणजे सातशे रुपये, दोघांत मिळून रोज खर्च करायचे. राहणे, खाणे, गाडी सर्व त्यातच. ओळखीच्या माणसाकडे चहासुद्धा घ्यायचा नाही, कारण युरोपात आपल्या ओळखीचे कोणी नाही. तिकडे फोन महाग म्हणून मोबाइल दिवसातून एकदाच चालू करायचा. आमची स्वतःची खोलीही पर्यटकांना देऊन ते पैसे प्रवासाच्या खात्यात टाकायचे, हे केयूरने सुचवले. त्याचा हेतू चांगला होता. त्याचीच आज सर्वांत जास्त बदनामी झाली आहे.

त्याप्रमाणे आम्ही सोमवारी घरून निघालो. पतींच्या पाठीवर स्टोव्ह, कुकर व तांदूळ होते. माझ्या पाठीवर कपडे व पीठ होते. एस.टी.त पहिलीच अडचण आली. मला बायकांचे अर्धे तिकीट लागू आहे, परंतु पती म्हणाले, "तिकडे तुका अर्धा तिकीट कोण देतलो? पुरा घे." वाहक प्रीतम हा माझ्या हाताखाली शिकलेला आहे. तो म्हणाला, "बाई, तुमच्याकडून पैसे घेतलंय तर माका जेवान जावचा नाय." पतींनी त्याला युरोपचे कारण सांगितले. त्याने ते गाडीतील सर्वांना सांगितले. त्यामुळे बेत गुप्त राहिला होता असे म्हणता येणार नाही, परंतु त्या गाडीत मालवणचे कोणी नव्हते.

पहिल्या मुक्कामी एका देवस्थानच्या भक्तनिवासात राहिलो. तेथे काही तक्रार नाही. त्यानंतर ओरोसला गेलो असता सरकारी कचेऱ्यांच्या आवारात पतींचे तीन माजी विद्यार्थी एकामागून एक भेटले. प्रत्येकाने सरांना जेवायला बोलावले. पतींनी प्रत्येकाला पोट बिघडल्याचे सांगितले. तिसऱ्या विद्यार्थ्याने आम्हाला डॉक्टरकडे नेले. डॉक्टरही विद्यार्थीच निघाला व त्याने पैसे घेतले नाहीत, फक्त पतींना दोन दिवस तिखट बंद केले. मी शेजारी बसून हे सर्व ऐकले.

काल मालवणला आलो तेव्हा सातशेत बसणारी खोली एकच मिळाली. ती मेढ्यात, अक्कांच्या घराच्या पाठीमागे होती. जाण्याचा रस्ता अक्कांच्या दारावरून होता. मी पतींना म्हटले, "अक्कांका सांगूया आणि दोन घास जेवया. सराव उद्या करूया." पती म्हणाले की नियम मोडला तर सगळेच फुकट गेले. त्यांनी मला ओढणी तोंडावरून घ्यायला लावली व स्वतः छत्री उघडली. ऊन नव्हते व पाऊसही नव्हता.

अक्का पडवीत बसल्या होत्या. आम्ही दारासमोर आलो तेव्हा त्यांनी हाक मारली, "गुरू रे! ए गुरू! खंय चल्लंस?" माझे पती चालीवरून ओळखू येतात. त्यांची चाल माझ्या सासऱ्यांची आहे. त्यांनी छत्री आणखी खाली घेतली व इंग्रजीत "सॉरी" म्हणून पुढे गेले. मी त्यांच्या मागोमाग गेले. मी अक्कांकडे पाहिले नाही. पाहिले असते तर मी जेवायला बसले असते.

अक्कांनी लगेच मिठबावच्या घरी फोन लावला. घरचा जुना फोन आमच्या खोलीत आहे. तो खोली भाड्याने घेतलेल्या पुण्याच्या पर्यटक बाईंनी उचलला व सांगितले की, "लोके आजीआजोबा आता इथे राहत नाहीत, ही खोली आमच्याकडे आहे." त्या बाई खोटे बोलल्या नाहीत. आमचे दोन्ही मोबाइल बंद होते. त्यावरून अक्कांनी जे समजायचे ते समजून घेतले, लोकांना सांगितले व नंतर या ठाण्यात आल्या. सूनबाईचे माहेर दोडामार्गला आहे व बातमी तेथवरही पोचली. तिचे वडील आज सकाळी गाडी करून मिठबावला आले व अंगणातच केयूरला म्हणाले की, "आईबापाला बाहेर काढणाऱ्याच्या घरात माझी मुलगी राहणार नाही." शिवांगी आत रडत होती. केयूरला ठाण्यातून फोन गेला तेव्हा त्याने आईबाबा युरोपच्या सरावाला गेल्याचे सांगितले. त्यावर हवालदारांनी त्याला नीट बोलण्याची ताकीद दिली.

ठाण्यात येईपर्यंत यातील काहीही आम्हाला माहीत नव्हते. आम्ही सकाळी बंदरावर कट्ट्यावर बसून पाव व केळी खात होतो. समोरच्या खाणावळीत सुरमई तळली जात होती. मी पतींना म्हटले की मला चहा हवा. ते म्हणाले, "तुझी ही तिसरी चाय. तिकडे एक चाय तीन युरोक आसा. दोघांत एक घेवया."

मी उठले, खाणावळीत गेले व माझ्या पर्समधील पैशांनी माशाची थाळी मागवली. सकाळी थाळी मिळत नाही, परंतु मालकीण हौसाबाई यांनी माझ्या तोंडाकडे पाहून वाढली. पती समोर येऊन बसले. त्यांच्या हातात पाव होता. मी त्यांना तुकडी देऊ केली. ते म्हणाले, "माका नको. आजचे पैसे संपले."

मी म्हटले, "पंच्याहत्तर दिवस माका ह्या जमाचा नाय. तू एकटो जा. एकट्याक सत्तर युरो पुरतले."

हात धुवून आम्ही एस.टी. स्टँडवर आलो व दोन वेगवेगळ्या बाकांवर बसलो. मी देवगडच्या गाडीची वाट पाहत होते. ते कशाची वाट पाहत होते ते मला माहीत नाही. त्याच वेळी पोलीस आले व आम्हाला येथे घेऊन आले. दोघांना वेगवेगळे बसलेले पाहून प्रकरण गंभीर असल्याचे त्यांना वाटले, असे त्यांनी मला सांगितले.

ठाण्यात पतींनी हवालदारांना संपूर्ण अंदाजपत्रक तोंडी सांगितले. हवालदारांनी ते शांतपणे ऐकून विचारले, "सर, एवढे हाल कशाला? एखाद्या टूरवाल्याबरोबर दहा दिवस जाऊन या की. जेवण, हॉटेल, सगळं तेच बघतात. बाईंनाही आराम."

पती आतापर्यंत हवालदारांशी शुद्ध बोलत होते. ते म्हणाले, "चोवीस वर्षां ही गाडयेत उभी रवली. दहा दिवसात ती बसतली कितकी?"

हवालदारांनी लिहिणे थांबवले. मी खिडकीतून बाहेर पाहिले. ठाण्याच्या आवारात जप्त केलेल्या मोटारसायकली आहेत. त्यातील एका मोटारसायकलीच्या सीटवर मांजर झोपलेले होते.

त्यानंतर मी पतींशी बोलले. काय बोलले ते या अर्जाशी संबंधित नाही. पंचावन्न दिवस व रोज शंभर युरो, असे आमच्यात ठरले एवढे नमूद करावे. मनोऱ्यावर दोघांनी जायचे आहे व लिफ्टने जायचे आहे.

नंतर अक्कांना ठाण्यात बोलावून घेऊन सर्व समजावून सांगण्यात आले. अक्कांनी पतींना विचारले, "थंय युरोपात आपलो कोण आसा?"

पती म्हणाले, "कोण नाय, अक्का."

"मगे थंय कोणाक बघून पळतलंस?"

अक्कांनी तेथूनच केयूरला फोन लावला, चूक झाली म्हणाल्या व शिवांगीच्या वडिलांना फोनवर घेऊन त्यांनाही तेच सांगितले. व्याह्यांना जेवून जाण्यास सांगा असेही म्हणाल्या. केयूर व शिवांगी यांच्याविरुद्धचा अर्ज त्यांनी मागे घेतला आहे.

परंतु त्या घरी जाण्यास उठल्या नाहीत. त्यांनी सांगितले की अर्ज तोच ठेवा, केयूरचे नाव काढा व गुरुदासचे घाला. सख्ख्या बहिणीच्या दारावरून, तिने हाक मारली असता, न जेवता गेला, असे लिहा. हवालदार म्हणाले, "आजी, असा गुन्हा कायद्यात नाही."

अक्का म्हणाल्या, "तुमच्या नसात. आमच्या आसा."

हवालदारांनी साहेबांना विचारून येतो म्हणून आत जाऊन आल्यावर, सदर प्रकाराबाबत घटनास्थळी मी एकटीच साक्षीदार असल्याने मला विचारणा केली. त्यावरून सांगते की, मी त्या वेळी पतींच्या मागे दोन हातांवर होते. अक्कांची हाक स्पष्ट ऐकू आली. आतून बांगडा माशाच्या तिखल्याचा, म्हणजे तिखट कालवणाचा, वास येत होता. माझे पती थांबले नाहीत. अक्कांची तक्रार खरी आहे.

हा माझा जबाब हवालदारांनी अक्षर न अक्षर मोठ्याने वाचला. तो मी ऐकला, बाकावर बसलेल्या अक्कांनी ऐकला व माझ्या पतींनाही ऐकावा लागला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. त्यात पतींना एक वाक्य घालायचे होते, परंतु जबाब माझा असल्याने घातलेले नाही.

जबाब देणार,
(सही) अ. गु. लोके