धुऱ्यावरची फवारणी

(भीमपूरजवळचं कापसाचं वावर, सकाळची वेळ. बयनाबाई फवारणीचा पंप पाठीला लावते आहे. शेजारच्या वावरातून माणिकराव मधला धुरा, म्हणजे बांध, ओलांडून आला आहे.)

माणिकराव : आजच्या दिवस थांबा ना, वयनी! हवा सरळ माह्याच वावरात जाऊन राह्यली.

बयनाबाई : म्हणूनच तर लवकर आले.

माणिकराव : आज आपल्या सेंद्रिय शेतकऱ्याइच्या संघमचे लोक माह्या पऱ्हाटीचे पानं तपासाले नेऊन राह्यले. तीन वर्षं औषधाचा थेंब टाकला नाई मी. पास झालो की कापूस सेंद्रिय म्हणून बाहेरदेशी जाते. अन् पानावर औषध निघालं तर पुन्हा पहिल्या वर्षापासून!

बयनाबाई : मले काय सांगता? मी बी काढले होते तीन वर्षं. शेण-गोमूत्र कालवू कालवू हाताचा वास जात नोता. अन् तपासणीच्या सकाळी तुमी ह्याच धुऱ्यावर पंप घेऊन उभे होते.

माणिकराव : अळी पडली होती तवा.

बयनाबाई : हवा माह्याकडं वळली, तवाच पडली?

माणिकराव : ...जळलो होतो मी. एकट्या बाईचा कापूस बाहेरदेशी चालला, अन् आमी इचोड्याच्या व्यापाऱ्याच्या दारात उभे. चुकलं माहं.

बयनाबाई : कापूस गेला त्याचं नाई वाटत, भाऊजी. संघमच्या बैठकीत सगळे म्हणाले, बयनाबाईनंच लपून फवारलं. तुमी समोर बसून चहा पेत होते. चोरटी म्हणून काढलं मले. माह्या मयूरीसंगं शाळेत पोरी बोलत नोत्या. अजून जीव जळते माहा. तीन वर्षं ह्याच दिवसाची वाट पायली मी.

माणिकराव : पाया पडतो तुमच्या.

बयनाबाई : पाया नका पडू. आता लोक येतीन, त्याइच्यासमोर सांगा तवा कोणं फवारलं ते. पंप इथंच उतरवते.

माणिकराव : तसं सांगितलं तर मले काढतीन ना संघमातून!

बयनाबाई : मले काढलंच होतं.

माणिकराव : मी नाई कुठं म्हणतो? एवढं सर्टिफिकेट हाती येऊ द्या. पुढच्या वर्षी भर बैठकीत सांगतो, लेकराची आण!

बयनाबाई : मंग पुढच्या वर्षी नाई फवारणार. सरका, अंगावर उडन.