मधला तुकडा

(बिरवाडीतली भाड्याची खोली. काल बारसं झालं, पाहुणे सकाळीच गेले. सासू बायजा जमिनीवर बसून नातवाची गोधडी उलटीपालटी करते आहे. सून संजीवनी बाळाला घेऊन बसली आहे.)

संजीवनी: असं काय बघताय आई? काही चुकलंय का?

बायजा: चुकलं कुठं म्हनतेय मी? टाका बारीक घातलायस. पन काल गर्दीत नीट बगितलंच नाय. ह्यो मदला तुकडा कोनाचा गो?

संजीवनी: कोणाचा म्हणजे... गोधडीचा.

बायजा: गोधडीचा तुकडा असतो होय! अगो, आमच्या वाडीवर पोराच्या पयल्या गोधडीत मदला तुकडा घरातल्या मोठ्या मानसाचा. माज्या विनोदच्या गोधडीत त्याच्या आजीचं लुगडं होतं. म्हनून तर तुज्या सासऱ्याचं मुंडासं धाडलं. गेल्यापासनं पेटीत ठेवलेलं. विनोदनं दिलान ना तुज्याकडं?

संजीवनी: दिलं की. मिळालं मला.

बायजा: मग मदी का नाय लावलंस? मगाधरनं एकेक चौकोन चाचपतेय. हे कोपऱ्यातलं तांबडं काय?

संजीवनी: हो. तेच ते.

बायजा: हे? हे तर कोरं करकरीत हाय. शेळ्यांमागं करवंदीत फिरून त्या मुंडाशाचं ईतभर कापड धड नव्हतं. हिकडं भोक, तिकडं ठिगळ. कापायचं तर चांगला भाग हुडकत बसावं लागलं असतं. एक तुकडा बारका निघाला असता, एक मोटा. तुजे सगळे एकाच मापाचे. वड्या पाडल्यागत.

संजीवनी: ते मी कापलेले नाहीत, आई.

बायजा: मग?

संजीवनी: महाडच्या बाजारात कापलेल्या तुकड्यांचं पुडकं मिळतं. मशीनवर कापतात. कोपऱ्याला कोपरा बरोबर बसतो, आपण नुसतं जोडत जायचं. माझं पोट एवढं पुढे आलेलं, खाली वाकून कात्री चालवता येईना.

बायजा: मग त्यात लाजायचं काय? निरोप धाडला असतास तर मी वाडीवरनं खाली आले असते, कापून दिलं असतं. आन ते मुंडासं हिकडं. मदला उसवते आन बसवते आत्ताच. डोळं चालतात अजून माजं.

(संजीवनी बाळाचं दुपटं सारखं करत राहते.)

बायजा: दे गो. कपाटात हाय काय?

संजीवनी: नाही.

बायजा: मग कुठं हाय?

संजीवनी: भांडीवालीला दिलं.

बायजा: कोनाला?

संजीवनी: दारावर येते ना, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देते ती. यांच्या पँटी दिल्या, तरी डबा सोडेना. अजून एखादं फडकं टाका ताई, म्हणाली. शेजारच्या अमितावहिनी उभ्या होत्या. मुंडासं तिथेच पडलेलं. त्या म्हणाल्या, अगं ती चिंधी दे की, कशाला ठेवलीयस? आणि मला... ते माझ्या सासऱ्यांचं आहे हे सांगायची लाज वाटली.

बायजा: म्हंजे पँटींच्या वरून टाकलंस.

संजीवनी: हो.

बायजा: डब्यासाठी.

संजीवनी: दुसऱ्या दिवशी स्टँडपर्यंत शोधत गेले तिला. कुठे सापडणार? तेव्हापासून तुम्हाला तोंड कसं दाखवू, हेच डोक्यात. काल तुम्ही बायकांना गोधडी दाखवत होतात, ह्यात आमचं मानूस हाय म्हणून. वाटलं, धरणीने पोटात घेतलं तर बरं.

बायजा: सगळ्यांना सांगितलं खरं मी.

संजीवनी: रागवा ना आई. शिव्या द्या. काहीतरी बोला.

बायजा: काय बोलू? बोलून काय माघारी येनार हाय? पदरानं डोळं पूस आदी. विनोद आला बग, जिन्यात वाजलं.

विनोद: काय गो आई, दोघी गप का? आज शिफ्ट लवकर सुटली. बघितलीस गोधडी? एकदम फिटिंग आहे ना? आबांना कुठं बसवलंय, ते दाखव.

संजीवनी: अहो, मी सांगते तुम्हाला. ते...

बायजा: तू पोराला पाज गो. कवाचं चुळबुळतंय. विनोद, मुंडासं आतल्या थरात हाय.

विनोद: आत? वर नाय?

बायजा: इरलेलं नाय काय ते? वर लावलं असतं तर पयल्या धुन्यात फाटलं असतं. मीच म्हटलं तिला, कापू नको, सबंध घाल आत.

विनोद: बरं केलंस. मला पन ते कापवलं नसतं. आन बघू हिकडं.

संजीवनी: अहो, हात तरी धुवा. कंपनीतनं आलात तसेच...

विनोद: हात कुठं लावतोय? नाक लावतोय. ...येतो गो आई. आबांच्या तंबाखूचा वास येतो.