फुल बाहीचा शर्ट

हसू नका, पण भर मे महिन्यात मी फुल बाहीचा शर्ट घालून मुलाखतीले गेलो होतो. पोट्ट्यांले कारखान्याचं काम शिकवणारी संस्था होती. उरला औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये मी तीन वर्षं काढली, त्याचा भाजल्याचा डाग आहे हातावर. म्हटलं, साहेब लोक मजूर समजतील. अर्जातही त्या तीन वर्षांच्या जागी काकाच्या दुकानातली कारकुनी लिहिली.

साहेब म्हणाले, "हमारे बच्चे उरला से हफ्ते भर में भाग आते हैं. आपने वहाँ कभी काम किया है?"

मी ऐटीत म्हटलं, "नहीं सर, सिर्फ ऑफिस."

त्यांनी फाइल मिटली. "हमको तो वहाँ टिका हुआ आदमी चाहिए था."

काहून खोटं बोललो मी? तेव्हाच बाही वर करायची होती. केली ना, पण बाहेर येऊन, ऑटोत बसल्यावर.