पहिल्या ओळीतली गोळी

काकू, दीदीचे सगळे सोयरे, अन् कॉलेजचे पोट्टे-पोट्टी हो, तुम्ही एवढे सगळे जमले, अन् मी हातातला कागदच चाळून राहिलो. दीदी असती तं म्हटली असती, "बोल नं बाप्पा लवकर, लोकाईले घरी जायचं आहे."

सुनीता दीदी मागच्या गुरुवारी गेली. मी आधी तिचा विद्यार्थी, मग तिच्याच विभागात शिकवाले लागलो. आमचं काम बाहेरच्याईले समजत नाही, म्हणून सांगतो. रक्तातलं प्रत्येक औषध मेंदूत जात नाही, मधात एक पडदा असते. काही औषधं तो ओलांडतात, काही बाहेरच राहतात. आत गेलेलं औषध झोप आणू शकते. तं जुन्या औषधाईच्या माहितीवरून हिशेब मांडून आधीच सांगायचं, नवीन औषध मेंदूत पोचेल का नाही. त्याले आम्ही मॉडेल म्हणतो. ते शक्यता सांगते, खातरी नाही देत.

दीदीचा एक नियम होता. मॉडेल कोणाचंही असो, तपासायच्या औषधाईच्या यादीत पहिल्या ओळीत एकच गोळी. सर्दीची, जुनी, स्वस्त, खाल्ली की डोळे जड होतात ती. "पहिले हिले विचार." दर वर्षी हेच. अन् उत्तरही तेच: पोचते. दीदी मान हलवायची अन् पुढं जायची.

एकदा एका पोट्टीच्या मॉडेलनं सांगतलं, नाही पोचत. दीदी स्क्रीनसमोर बसली ते बसलीच. चहा थंड झाला. मग हळूच म्हणे, "चुकलं तुझं. पुन्हा कर." पोट्टी रडकुंडीले आली. मले राग आला. म्हटलं, "दीदी, काहून त्या एका गोळीच्या मागं लागली तू?"

तेव्हा सांगतलं तिनं. तिचा लहान भाऊ प्रकाश, इथंच उरल्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये कामाले होता. सर्दीनं बेजार. ड्यूटीवर निघता निघता दीदीनं ती एक गोळी कागदात गुंडाळून त्याच्या हातात ठेवली. त्याच पाळीत तो मशीनमध्ये सापडला अन् गेला. "त्याले झोपेची झुलकी आली असंल. गोळी मीच देली." मी लाख समजावलं. गोळी मेंदूत पोचते, म्हणजे तिच्यानंच झालं, हे कोण्या मॉडेलनं सांगतलं? "हव," म्हणे. बस, एवढाच होकार. आईजवळ मात्र कधी बोलली नाही. कोणत्या तोंडानं सांगू, म्हणायची.

परवा काकूंजवळ, दीदीच्या आईजवळ, बसलो होतो. राहवलं नाही, सांगून टाकलं. काकूंनं विचारलं,

"ती गोळी? कागदात गुंडाळलेली? ती तं त्याच्या शर्टाच्या खिशात होती रे. घरून घालून गेलेला, मिलमध्ये बदलून ठेवलेला शर्ट मिलवाल्याईनं आणून देला, तवा मीच काढली अन् फेकून देली. पोरीजवळ काय बोलायचं होतं त्यात?"

अरे बाप्पा! मेंदूत पोचायची गोष्ट सोडा, ती गोळी तोंडातच गेली नव्हती. ह्या मायलेकी एका घरात राहिल्या, एका ताटात जेवल्या, अन् प्रकाशचं नाव निघालं की दोघीही गप्प. तेव्हापासून मले झोप नाही. डोळे मिटले की दीदी दिसते, स्क्रीनसमोर, "नाही पोचत" वाचत. काय वाटलं असंल तिले त्या घडीले? तरी म्हटली, पुन्हा कर.

सकाळी पोट्ट्याईनं विचारलं, "सर, वो पहली लाइन हटा दें?" म्हटलं, सभा झाल्यावर सांगतो.

हे सभेत सांगू का, असं मी काकूंले विचारलं. म्हणे, "हव, सांग. अन् जोरानं सांग. तिले ऐकू गेलं पाहिजे."

दीदी, त्यानं खाल्ली नव्हती. प्रकाशनं ती गोळी खाल्लीच नव्हती.

आता उभे राहा सगळे. थोडा वेळ कोणी काही बोलू नका. काकू, तुम्ही बसूनच राहा.