खोली क्रमांक सातची किल्ली

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य गुणवंतराव सर. व्यासपीठावरील संस्थेचे सचिव महोदय. विद्यापीठातून खास वेळ काढून आलेले पाहुणे. आमच्या संगणक विभागाच्या प्रमुख प्रा. रिना खोब्रागडे मॅडम. सर्व प्राध्यापकवृंद, कार्यालयातील बंधुभगिनी, आजी-माजी विद्यार्थी. आणि तिसऱ्या रांगेत घड्याळ पाहून राह्यलेल्या आमच्या घरच्या भागीरथाबाई. आपणा सर्वांना लटारू निकुरेचा नमस्कार आणि जय भीम.

एकतीस वर्षं मी या महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होतो. या सभागृहात किती जणांचे निरोप समारंभ झाले, त्या प्रत्येकाच्या खुर्च्या मी लावल्या आणि माईक मी तपासला. त्या माईकसमोर बोलायला आज पहिल्यांदा उभा आहे. प्राचार्य सर आत्ताच कौतुकाने म्हणाले, की लटारूने कधी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. सर, आभारी आहे. तेवढं एक काम राहिलं होतं, ते आज करून घेतो.

आपल्याकडे खोली क्रमांक सात आहे. तिथे बारा कॉम्प्युटर आहेत. दर सप्टेंबरमध्ये पाच दिवस तिथे रिना मॅडम वैज्ञानिक संगणन आणि डेटा विश्लेषणाची कार्यशाळा घेतात. अकरा वर्षं झाली. पार जिवती आणि पोंभुर्ण्याहून पोरं-पोरी येतात. राहायची सोय नव्हती, तेव्हा जिवतीच्या सहा पोरी माझ्या घरी राहिल्या आणि भागीरथेच्या हातच्या भाकरी खाऊन प्रोग्राम लिहायला शिकल्या. लाईट गेली की जनरेटर मी चालू करायचो. आता संस्थेचं पत्र आलं आहे. कार्यशाळा यंदापासून शहरात होणार, खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवणार, आणि मी आज किल्ली जमा करायची.

कारण काय? मागच्या वर्षी शहरातून एक तज्ज्ञ आले होते. त्यांनी अहवालात लिहिलं, 'स्थानिक डेटा अविश्वसनीय, सहभागींचा दर्जा अपुरा.' तो अविश्वसनीय डेटा, सभ्य स्त्री-पुरुषहो, माझा आहे.

त्याचं असं झालं. पहिल्याच वर्षी मॅडम पोरांना म्हणाल्या, परदेशातल्या आकड्यांवर किती दिवस सराव करायचा, आपल्या गावचे आकडे आणा. कोणी धानाचे आणले, कोणी मोहफुलांचे. मी टेबलाखाली वायर जोडत होतो. मॅडमनी मलाही विचारलं, "लटारूभाऊ, तुम्ही काय मोजता?" काय सांगणार? पण दुसऱ्या दिवशी सायकलने येताना आमच्या गावच्या मामा तलावाजवळ, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाजवळ थांबलो. तिथे तेवीस दगडी पायऱ्या आहेत. त्यांतल्या दिसल्या तेवढ्या मोजल्या आणि वहीत लिहिल्या. तेव्हापासून रोज लिहितो.

रोज म्हणजे, रविवारी सुट्टी असते, तेव्हा तलावावर कोण जाते? मी शनिवारचाच आकडा रविवारी उतरवायचो. आमची विद्यार्थिनी उर्वशी गेडाम, तिने सगळी वही कॉम्प्युटरमध्ये भरली आणि दोन दिवसांनी मला म्हणाली, "काका, तलावाचं पाणी रविवारी सुट्टी घेते का?" मले कबूल करावं लागलं. मग तिने समजावलं, की जे पाह्यलं नाई, तिथं आकडा लिहायचा नाई. जागा रिकामी ठेवायची. तेव्हापासून माझ्या वहीत रविवारी 'नाई पाह्यलं' असं लिहिलेलं असते. या कार्यशाळेने मला शिकवलेली सगळ्यात मोठी गोष्ट ती.

तर तज्ज्ञ साहेब आले, तेव्हा पडद्यावर माझ्या वहीचा आलेख होता. ते हसले आणि म्हणाले, "पावसाळ्यात आटणारा आणि उन्हाळ्यात भरणारा तलाव फक्त इथेच असू शकतो." सगळे हसले. चहाचा ट्रे हातात धरून मीही हसलो. त्याची लाज मला अजून वाटते. तेवढ्यात उर्वशी उभी राहिली. "सर, काका कोरड्या पायऱ्या मोजतात. बुडालेल्या दिसतच नाहीत, त्या मोजणार कशा?" साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांची गाडी लागली होती. ते गेले आणि अहवालही गेला.

याच वहीतून नंतर उर्वशीने दाखवलं, की मागच्या ऑक्टोबरात तलाव इतर वर्षांपेक्षा लवकर उतरून राह्यला. गावकऱ्यांनी जाऊन पाहिलं, तर खेकड्यांनी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, खालून पोखरलेली. वेळेवर बुजवली म्हणून खालच्या शेतांच्या बांध्यांतलं धान हाती आलं. हे अहवालात नाही, तो आधीच गेला होता. पण ज्यांनी कार्यशाळेतल्या चाळीस पोरांपैकी एकाचंही काम उघडून पाहिलं नाही, त्यांनी पोरांचा दर्जा लिहून टाकला. साहेब माझ्यापेक्षा शिकलेले आहेत. पण दर्जाच्या रकान्यात त्यांनी काय लिहायला पाहिजे होतं? 'नाई पाह्यलं.'

आत्ताच चिठ्ठी आली आहे, आवरतं घ्या म्हणून. आवरतोच.

पत्र मी तीनदा वाचलं. 'किल्ली आज जमा करावी' असं त्यात आहे. कोणाकडे, ते लिहिलेलं नाही. सरकारी वस्तू मी घरी नेत नाही. रिना मॅडम, जरा समोर या. ही घ्या खोली क्रमांक सातची किल्ली. तीनशे साक्षीदार आहेत. प्राचार्य सर, राग आला असेल तर माझ्यावर काढा, मी उद्यापासून इथे नाही.

बारा सप्टेंबरला कार्यशाळा सुरू होईल. अर्ज दाराजवळ उर्वशीकडे आहेत. खोलीला दुसरं कुलूप लागलं, तर पोरं माझ्या गावच्या तलावाच्या पाळीवर बसतील. दोन लॅपटॉप मॅडमकडे आहेत, पायऱ्या आमच्याकडे आहेत. पहिला अर्ज मी भरला आहे. अकरा वर्षं टेबलाखाली होतो, यंदा खुर्चीवर बसून शिकणार आहे.

शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, चार शब्द चांगले बोललात, त्याबद्दल मनापासून आभार. ज्यांनी मला 'ए' न म्हणता भाऊ म्हटलं, त्यांचे जास्त आभार. बोलण्याच्या भरात कोणाचं नाव राहिलं असेल, शब्द वावगा गेला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर लहान माणूस समजून पोटात घाला.

किल्लीची मात्र माफी मागत नाही.