पाठीत सुई की पुरती झोप

नाही, उठू नका, डॉक्टर. तुमचं म्हणणं मला कळलं नाही असं नव्हे. कळलं, म्हणूनच विचारते. या कागदावर पर्याय तीन छापले आहेत — पाठीच्या कण्यात एकदाच सुई टोचून छातीखालचं अंग बधिर करणं, पाठीत बारीक नळी ठेवून सावकाश बधिर करणं, आणि पुरती भूल देऊन झोपवणं — आणि तुमचं बोट मात्र बसल्यापासून पहिल्याच ओळीवर आहे. का बरं? तीन वाटा दाखवणारा माणूस एकाच वाटेवर पाय रोवून उभा राहिला, की मला शंका येते. झोपवायचं यंत्र बिघडलं आहे का? तसं असेल तर सांगून टाका, मी चार माणसांत बोलणार नाही. नाही बिघडलं? मग फिजीतल्या सुव्हाहून कोणी शिकाऊ डॉक्टर आला असेल, आणि त्याचा हात बसायला आमच्या मुलीची पाठ हवी असेल. हसू नका. शंका विचारणाऱ्या म्हाताऱ्या बाईला हसून उत्तर देण्याची पद्धत तुम्हाला ऑकलंडला शिकवली असेल, इथे टोंगात ती चालत नाही.

मी चौथीपर्यंतच शिकले, हे तुम्हाला परिचारिकेने सांगितलंच असेल. पण मिशनच्या कपाटातलं प्रसूतीशास्त्राचं जाडं पुस्तक मी शब्दकोश मांडीवर घेऊन तीन वर्षांत वाचून काढलं आहे, तळटीपांसकट. त्यात पाठीतल्या सुईला अवघी दीड पानं दिली आहेत, आणि त्यातलं एक पान नुसत्या धोक्याच्या सूचनांचं. जुनं आहे, हो, जुनं आहे — पाठीचा कणाही जुनाच आहे ना? की तोही आता सुधारून मिळतो? सुईमुळे शंभरात एखादीचं डोकं मागाहून दुखतं, हे तुम्ही आपणहून सांगितलंत का? मी विचारलं तेव्हा सांगितलंत. रक्तदाब उतरतो, हेही मी विचारलं तेव्हा. आणि म्हणे पोटात ओढल्यासारखं वाटेल, पण दुखणार नाही! वाटेल, पण दुखणार नाही — हे वाक्य, डॉक्टर, पुरुषाने रचलेलं आहे. बरं, पुरती भूल दिली तर घशात नळी, औषध थोडं बाळापर्यंत पोचतं, बाळ सुस्त जन्मू शकतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाण्याची भीती — हे सगळं मात्र तुम्ही न विचारता, एका दमात सांगितलंत. दुसऱ्या बाजूचे दोष असे पाठ असणारा माणूस मी बाजारात पाहिला आहे. तो सुरण विकतो.

तरीही माझं उत्तर तेच. झोपवा तिला. लेसिएलीला पुरतं झोपवा.

कारण? कारण कशाला हवं? आत्या म्हणेल तसं, असं तीच म्हणाली ना तुम्हाला? मग झालं. सही तिची, हे मलाही कळतं. पण तिने लेखणी खाली ठेवली आणि तुम्हाला माझ्याकडे पाठवलं, ते उगीच नव्हे. आमच्यात बापाची बहीण म्हणजे काय, ते तुमच्या आईला विचारा — इथल्याच हापाई बेटांवरची म्हणता ना ती? मग तिला ठाऊक असेल. हिचा बाप मानासे, माझा सख्खा धाकटा भाऊ, तो पाहा खिडकीतून — नीरफणसाखाली उभा आहे. लेकीचं पोट चिरणार आहेत, आणि बाप आत येत नाही, कारण इथे मी बसले आहे, आणि बहिणीसमोर भाऊ बाळंतपणाचा शब्दही काढत नाही. इतका मान आहे या जागेचा. आणि पोरीने काय केलं? ऑकलंडच्या कुठल्याशा कचेरीत परस्पर लग्न लावलं! लग्नात आत्याला बसायला मानाची चटई नाही, तिच्या हक्काचा केकचा वरचा थर नाही, एक निरोप नाही. माझ्या मांडीवर वाढलेली पोर, मला तिचं लग्न चर्चच्या पायरीवर एका कोळणीकडून कळलं. कोळणीकडून!

केकचं मला काय? मला गोड वर्ज्य आहे. मी रागावले नव्हते. म्हणजे — रागावले होते, पण विवेकाने. बाळ पायाळू आहे ते माझ्या रागामुळे, असं आमच्या वाड्यातल्या बायका कुजबुजतात. आत्याचं मन वाकडं, तर पोटातलं मूल वाकडं. अडाणीपणा! मी वाचणारी बाई आहे. पुस्तकात पायाळू बाळाची सात कारणं दिली आहेत, आणि आत्या त्यात नाही. मी दोनदा पाहिलं. शब्द पोटापर्यंत पोचतच नाही, हे तुम्हालाही मान्य असेल. असेल ना? मग इतकं थांबून काय पाहता माझ्याकडे? एक वाक्य निसटलं होतं तोंडातून, केव्हाच, चुलीपाशी एकटी होते तेव्हा — जी सरळ वाटेने आत्याकडे आली नाही, तिचं लेकरूही सरळ वाटेने येणार नाही. एवढंच. भांडी ऐकत होती, दुसरं कोणी नाही. तेव्हा ती पोटुशी आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

लिहू नका ते! लिहीत नव्हता? बरं.

म्हणून म्हणते, झोपवा. ती झोपली, की तुम्ही चिरण्याआधी मी तिच्या पोटावर हात ठेवेन, म्हणायचं ते मनात म्हणेन, आणि बाहेर येईन. तिला कळायला नको, कोणालाच कळायला नको. चार दिवस या बाकावर बसते आहे. आत जाऊन तिचं तोंड पाहवत — म्हणजे पाहण्याची आवश्यकता वाटली नाही.

काय? पुन्हा म्हणा. झोपवलंत, तर नातेवाइकाला आत घेत नाही? कोणालाच नाही? आणि जागी ठेवलीत, तरच एकाला उशाशी बसता येतं? हा नियम कोणी काढला? आजच काढलात का? ... आणि तिने कोणाचं नाव दिलं? दाखवा तो कागद. चष्मा थांबा. — कालोलाइने. हे माझं नाव आहे. माझं नाव का लिहिलं हिने? आई आहे, सासू आहे. मला ओशाळं करायला? भांडी तर बोलली नसतील! काय म्हणाली ती, नेमकं सांगा, तुमच्या शब्दांत नको, तिच्या शब्दांत. — "आत्या असली तर मला भीती वाटणार नाही." असं म्हणाली? एवढंच? पुढे काही नाही?

...

द्या पाठीत सुई. पण शस्त्रक्रिया नऊला आहे, अजून अवकाश आहे. आधी मला तिच्या खोलीत जाऊ द्या, जागी आहे तोवर. परिचारिकेला बाहेर काढा. तुम्ही येऊ नका, तुमचं तिथे काम नाही. आणि खिडकीतून मानासेला काही खुणा करू नका. काय बोलणार ते मला विचारू नका, मला ठाऊक नाही; ते कुठल्याही पुस्तकात नाही. उठा आता. वाटेतून बाजूला व्हा म्हणते ना.