इग्नासची बाय

बसा मंडळी. मागे उभे आहात ते पुढे या, सतरंजीवर जागा आहे. अल अझीझिया वस्तीतल्या या एवढ्याशा हॉलमध्ये आज इतकी माणसं! इग्नासने पाहिली असती तर तो दारातूनच मागे फिरला असता. मी सूक वाकिफच्या बाजारात कपडे शिवणारा माणूस. शाळा चौथीत सुटली. भाषण येत नाही, आठवेल तसं सांगतो.

परवा वसईला इग्नासला माती दिली. वहिनी तिकडेच आहेत. इथे आखातात त्याचं कोण होतं? आपण. म्हणजे, असायला हवे होतो.

तुमच्यातल्या पुष्कळांना वाटायचं, तो शेखांच्या रेसचे घोडे सांभाळतो. नाही हो. वाळवंटातल्या त्या खाजगी फार्मवर तो रानघोडे सांभाळायचा. मंगोलियाकडचे. बुटके, मातकट रंगाचे, ताठ उभ्या आयाळीचे. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी म्हणालो, "अरे, ही तर गाढवं." चहा येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

हे घोडे रानातून एकदा पार नाहीसे झाले होते. पिंजऱ्यांत, कुंपणांत थोडे उरले, त्यांचीच पिल्लं वाढवून परत मंगोलियाच्या माळावर सोडली. अजून सोडतात. म्हणून फार्मचा नियम होता: नाव ठेवायचं नाही, हात लावायचा नाही, लळा लावायचा नाही. माणसाला भिईल तोच घोडा रानात टिकणार.

पण इग्नास एकटा हो. आजूबाजूला मराठी कळणारं कुणी नाही. एक घोडी कुंपणाशी येऊन उभी राहायची. तिला तो 'बाय' म्हणू लागला. पापलेटचा भाव, वहिनींची शुगर, पोरीची परीक्षा, सगळं तिला सांगायचा.

मग परदेशातून डॉक्टरबाई आल्या, रानात कोण जाणार ते निवडायला. इग्नास ड्रायव्हरला काहीतरी सांगायला गेला. आवाज ऐकला आणि बाय सगळा कळप सोडून धावत त्याच्यापाशी आली. बाईंनी यादीतून तिचं नाव खोडलं.

त्या शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून तो दुकानात आला, मशीनजवळ बसला. म्हणाला, "अण्णा, मी बोललो म्हणून ती अडकली."

त्यानंतर फार्मवर तो बोललाच नाही. वर्षभर. वहिनींचा फोन आला तर पाण्याच्या टाकीमागे जायचा. बाय कुंपणाशी यायची, हा गवत टाकून पाठ फिरवायचा. मी म्हटलं, जमतं का रे तुला? म्हणाला, घशाला सवय होते.

पुढच्या थंडीत बाई परत आल्या. म्हणाल्या, हाक मारून बघ. याने हाक मारली, "बाय, ये गं." तिने कान टवकारले, एकदा पाहिलं आणि कळपाबरोबर पळून गेली. सगळ्यांनी इग्नासशी हात मिळवले. तो म्हणाला, खलास.

महिन्याभरात बाय विमानाने गेली. आता ती मोकळ्या माळावर आहे, माणूस दिसला की पळते. दुकानात इग्नासने मला एकच विचारलं.

"अण्णा, ती विसरली की रुसली?"

मी म्हटलं, विसरली. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं.

फार्मवर रानात पाठवायच्या आणखी दोन घोड्या उरल्या होत्या, म्हणून त्याने तोंड बंदच ठेवलं. मग आपल्यातही तसाच बसू लागला. आणि आपण काय म्हणालो? भाव खातोय. मीही म्हणालो. मंडळी, खोटं कशाला बोलू, मीही म्हणालो.

अशा वेळी दोन मिनिटं गप्प उभं राहायची रीत आहे. मी ती मागणार नाही. गप्प राहणं त्याने आपल्या सगळ्यांच्या वाटचं केलं. उभे राहा आणि आपापल्या घरातलं काहीही साधंसं त्याला सांगा. मोठ्याने. मराठीत.

मी सुरुवात करतो.

इग्नास, सुनेने गॅलरीत मेथी पेरली होती. काल उगवली रे.